करडाच्या वाट्याचे दूध

बँकेत असताना शेळीपालनाच्या कर्जाचे प्रकरण टेबलावर आले की मी आधी उत्पन्नाचे पान उघडत असे. दहा शेळ्या आणि एक बोकड, म्हणजे आमच्या बोलीत 'दहा-एकचा गट', एवढाच बहुतेकांचा प्रस्ताव असायचा. उत्पन्नाच्या रकान्यात करडांची विक्री, त्याखाली लेंडीखत आणि सगळ्यांत शेवटी 'दूध' असा एक शब्द असायचा. त्याच्यासमोर कधी शून्य, तर कधी दुसऱ्या एखाद्या प्रस्तावातून जसाच्या तसा उतरवलेला आकडा. चोवीस वर्षांच्या नोकरीत असे कित्येक प्रस्ताव मी मंजूर केले, वसुलीसाठी त्या घरांच्या अंगणातही जाऊन बसलो, पण त्या शेवटच्या रकान्याबद्दल कुणाला एक शब्द विचारल्याचे मला आठवत नाही. २०१९ मध्ये, वयाच्या अठ्ठेचाळिसाव्या वर्षी, नोकरी सोडून शेळीच्या दुधाचे चीज करण्याचा उद्योग मी सुरू केला, तेव्हा माझे सगळे गणित येऊन थांबले ते याच रकान्यापाशी.

हा निर्णय एका दिवसात झाला नाही. २०१६ च्या उन्हाळ्यात लातूरला मिरजेहून रेल्वेने पाणी आणावे लागले, ते वर्ष आमच्या भागातला कोणीही विसरणार नाही. त्या वर्षी मी वसुलीसाठी फिरत होतो. ज्यांनी संकरित गाईंसाठी कर्ज घेतले होते, त्यांचे गोठे एकामागून एक रिकामे होत होते. कडबा नाही आणि हौदात पाणी नाही, म्हणून दावणीची जनावरे मिळेल त्या भावाने बाजारात जात होती. शेळ्या मात्र टिकून होत्या. बाभळीच्या शेंगा, बोरीचा पाला, बांधावरचे काटेरी झुडूप, जे मिळेल ते ओरबाडून त्या जगत होत्या, आणि घरातल्या बाईने अडीनडीला एखादे बोकड विकून हप्ताही भरलेला असायचा. शेळीला गरिबाची गाय म्हणतात, ते मी लहानपणापासून ऐकत होतो; त्याचा अर्थ मला त्या उन्हाळ्यात कर्जखात्यांच्या नोंदी चाळताना कळला.

पुढच्या वर्षी पुण्यात एका दुकानातील शीतकपाटात शेळीच्या दुधाचे परदेशी चीज पाहिले. मुठीत मावेल एवढ्या पांढऱ्या गोळ्याची किंमत वाचून मी ते पाकीट उलटसुलट करून दोनदा पाहिले. आमच्या गावात त्याच दुधाचा चहा होत होता, किंवा आजारी लेकरासाठी म्हणून कुणी वाटीभर मागून नेत होते. गांधीजींनी १९१९ पासून शेळीचे दूध घेतले, तरी आपल्याकडे या दुधाला बाजार म्हणून कधी आलाच नाही. हे असे का, या प्रश्नाने मला पुढची दोन वर्षे सोडले नाही.

आमच्या जिल्ह्याला दुधाचा टिकाऊ पदार्थ करणे काही नवे नाही. भूम आणि कुंथलगिरीच्या परिसरातील खव्याच्या भट्ट्या साऱ्या महाराष्ट्राला माहीत आहेत. दूध लांबच्या शहरापर्यंत ताजे पोचवता येत नव्हते, तेव्हा ते आटवून त्याचा खवा करण्याचा मार्ग त्या लोकांनी शोधला. दहा डोंगर ओलांडून जाणारी गोष्ट त्यांनी पातेल्यातच हलकी केली. चीजमागचा विचार नेमका हाच आहे, फक्त पाणी काढण्याची रीत वेगळी: खव्यात आगीने पाणी उडवायचे आणि चीजमध्ये आंबवून, निथळून काढायचे. ही गोष्ट मी घरी याच शब्दांत सांगितली, तेव्हा आईला ती लगेच पटली. पहिल्या प्रयोगातले चीज बोटाने चाखून ती म्हणाली, "हा तर चक्काच आहे की, जरा खारवलेला." तिचे म्हणणे बरेचसे बरोबर होते. ताजे चीज चक्का आणि पनीर यांच्या मधले असते. पनीरसारखे ते लिंबू पिळून घाईने फाडलेले नसते आणि चक्क्यापेक्षा ते अधिक सावकाश, अधिक बांधीव बसलेले असते.

पत्नी जिल्हा परिषदेच्या शाळेत शिक्षिका आहे. तिच्या पगारावर घर चालणार होते, म्हणूनच मला हे धाडस करता आले, हे मी इथे स्पष्ट लिहितो, कारण चाळिशी-पन्नाशीत नोकरी सोडण्याच्या गोष्टी सांगताना हा भाग बहुतेक वेळा वगळला जातो. मुलगी त्या वेळी अकरावीत होती. "अहो, दोन वर्षे काहीच आले नाही तरी चालेल, पण तिसऱ्या वर्षी मला वही दाखवायची," एवढीच अट पत्नीने घातली. तिसऱ्या वर्षी मी ती वही दाखवली, आणि तिच्यात काय होते ते पुढे लिहिणार आहे.

शिकण्यासाठी मला फार लांब जावे लागले नाही. उदगीरला दुग्धतंत्रज्ञान महाविद्यालय आहे. तेथील शिक्षकांशी बोलूनच मला शेळीच्या दुधाचा स्वभाव प्रथम नीट समजला. या दुधात कॅरोटीन जवळजवळ नसते, म्हणून त्याचे चीज गाईच्या चीजसारखे पिवळसर न होता शुभ्र राहते. त्यातील स्निग्धांशाचे कण लहान असतात. दही घट्ट बांधणारे अल्फा-एस-एक नावाचे केसिन (दुधातले एक प्रथिन) बहुधा कमी असते, म्हणून त्याचे दही गाईच्या दुधासारखे सुरीने कापावे असे घट्ट बसत नाही. ते नाजूक असते, चमचा जोरात लागला तरी विरघळल्यासारखे फुटते. आणि ज्या वासामुळे पुष्कळ लोक नाक मुरडतात, तो कॅप्रोइक, कॅप्रिलिक आणि कॅप्रिक या आम्लांचा असतो. तिन्ही नावे शेळीच्या लॅटिन नावावरूनच आलेली आहेत. दूध ताजे असेल, हलक्या हाताने हाताळलेले असेल आणि लगेच थंड केलेले असेल, तर हा वास अगदी मंद राहतो. दूध हिंदकळले, उन्हात राहिले किंवा बोकडाच्या शेजारी उघडे ठेवले, तर मग काही इलाज चालत नाही. माजावर आलेल्या बोकडाचा दर्प दुधात उतरतो, हे मी पुस्तकात वाचले होते, पण खरे वाटले ते एका पहाटे किटलीचे झाकण उघडले तेव्हा. त्या घरी बोकड आणि शेळ्या एकाच दावणीला होत्या, आणि धार काढून झाल्यावर भांडे तिथेच ठेवलेले होते. तेव्हापासून बोकड वाड्याच्या दुसऱ्या टोकाला बांधलेला असेल, तरच त्या घरचे दूध मी घेतो.

जागेचा प्रश्न मोठा होता. अशा चीजला विसाव्या-बाविसाव्या अंशावर चोवीस तास स्वस्थ बसू द्यावे लागते, आणि आमच्याकडे एप्रिल-मे महिन्यांत पारा चाळिशीच्या पुढे जातो. पत्र्याच्या शेडमध्ये वातानुकूलन यंत्र लावले असते, तर विजेच्या बिलानेच उद्योग संपला असता. आमचे जुने घर माळवदाचे होते: दगड-मातीच्या दोन-अडीच हात रुंद भिंती, वर लाकडी तुळया आणि मातीचे धाबे. ३० सप्टेंबर १९९३ च्या पहाटे किल्लारीचा भूकंप झाला, तेव्हा अशाच माळवदांखाली हजारो माणसे झोपेत गाडली गेली. आमच्या घराची एक भिंत सुटली, पण माणसे वाचली, आणि त्या दिवसापासून वडिलांनी त्या घरात कुणाला झोपू दिले नाही. सव्वीस वर्षे त्या घरात फक्त कडबा आणि मोडकी अवजारे होती. मी अभियंत्याला बोलावले, वरचे मातीचे धाबे पूर्ण उतरवून त्या जागी हलके छत घातले, भिंतींना आडवे पट्टे दिले आणि आतली एक खोली, जिला लागून पूर्वी धान्याचे बळद होते, ती फरशी लावून चीजसाठी तयार केली. जाड भिंतींमुळे बाहेर एक्केचाळीस अंश असताना ती खोली मुळातच अठ्ठावीस-एकोणतीस अंशांवर असते. तिथून खाली आणायला एक टनाचे छोटे यंत्र पुरते, आणि वीज गेली तरी दोन तास खोली तापत नाही. फरशी बसली त्या दिवशी वडील असायला हवे होते. ज्या भिंतींची त्यांना आयुष्यभर भीती वाटली, त्याच भिंतींनी माझा उद्योग उभा केला.

आता मूळ विषयाकडे येतो. आमच्याकडची शेळी म्हणजे उस्मानाबादी. जिल्ह्याचे नाव आता धाराशिव झाले असले, तरी शेळी त्याच नावाने ओळखली जाते. बहुतेक काळी, उंच, काटक, आणि जुळी देण्याबद्दल प्रसिद्ध. तिला लोकांनी पिढ्यान्‌पिढ्या निवडून वाढवले ते मटणासाठी आणि जुळ्यांसाठी, दुधासाठी नाही. ती दिवसाला साधारण अर्धा ते एक लिटर दूध देते, तेही तीन-चार महिने. परदेशातील ज्या सानेन जातीच्या शेळ्यांचे आकडे उद्योगाच्या पुस्तकांत असतात, त्या दिवसाला दोन-तीन लिटर सहज देतात. मी पहिला हिशेब मांडला तो अशाच आकड्यांवर, आणि पहिल्या महिन्यात तो पार कोसळला. कमी पडले त्यापेक्षाही मनाला लागली ती दुसरी गोष्ट. गावातील एका मावशींकडे मी दूध मागायला गेलो होतो. बँकेत असताना त्यांचे कर्ज मीच मंजूर केले होते. त्यांनी सगळे शांतपणे ऐकून घेतले आणि विचारले, "साहेब, दूध तुम्ही इकत घ्याल, पर मग करडानं काय माती खावी का?"

या प्रश्नाला माझ्याकडे उत्तर नव्हते. त्या बाईच्या घरात पैसा येतो तो करडू वाढून, सहा-आठ महिन्यांनी वजनावर विकले जाते तेव्हा. दूध म्हणजे त्या वजनाचाच कच्चा माल. मी रोज तीस-चाळीस रुपयांचे दूध नेणार आणि वर्षाअखेरीस तिचे करडू बाजारात दोन किलो कमी भरणार असेल, तर मी तिच्याच पदरातले पैसे काढून तिला परत देत होतो, आणि वर उद्योजक म्हणवून घेत होतो. मराठवाड्यात शेळीच्या दुधाला बाजार का आला नाही, या माझ्या जुन्या प्रश्नाचे उत्तर त्या अंगणात मिळाले. ते दूध वाया जात नव्हतेच; ते करडाच्या पोटात जात होते, आणि घरातल्या बाईचा हिशेब बँकेच्या हिशेबापेक्षा पक्का होता.

मार्गही त्यांच्याच रीतीतून निघाला. आमच्याकडे जुनी पद्धत अशी, की करडू दीड महिन्याचे होईपर्यंत दुधाला हात लावायचा नाही. त्यानंतर संध्याकाळी करडे डालग्याखाली झाकायची, रात्रभर शेळीपासून वेगळी ठेवायची आणि सकाळी धार काढताना एकाच सडाचे दूध घ्यायचे. दुसरे सड करडाचे. धार झाली की करडे सोडायची, ती दिवसभर आईबरोबर चरतात आणि हवे तेव्हा पितात. अशा रीतीने एका शेळीमागे मला पाव लिटरपासून फार तर चारशे मिलिलिटर दूध मिळते. अठरा-वीस लिटर जमवायला पन्नास-साठ दुभत्या शेळ्या लागतात, आणि त्या एका मालकाकडे नसतात. आज दोन गावांतील एकवीस घरांतून दूध येते. माझ्या स्वतःच्या शेळ्या चौदाच आहेत.

पण 'करडाला पुरते' हे तोंडाने म्हणून भागत नाही, म्हणून मी बँकेतली सवय इथे आणली. प्रत्येक घरी एक पासबुक दिले. त्यात डाव्या पानावर दूध आणि पैसे, उजव्या पानावर करडांची वजने. दर रविवारी सकाळी मी ताणकाटा घेऊन निघतो. पोत्याच्या झोळीत करडू घालायचे, काट्याच्या आकड्याला झोळी अडकवायची आणि करडाचे पाय हलायचे थांबेपर्यंत वाट पाहायची. हे थांबणे कधी दहा सेकंदांचे असते, कधी मिनिटभराचे, आणि तेवढा वेळ घरातली सगळी माणसे श्वास रोखून त्या काट्याकडे पाहत असतात. जन्मतः दोन-अडीच किलोचे करडू तिसऱ्या महिन्याच्या अखेरीस आठ-नऊ किलोपर्यंत यावे, अशी आमची अपेक्षा असते. लागोपाठ दोन रविवारी वजन वाढले नाही, तर त्या शेळीचे दूध मी घेत नाही आणि आधी जंतनाशक पाजले आहे का ते विचारतो. तूर आणि हरभऱ्याचे भुसकट, शेवरी-सुबाभळीचा पाला आणि मूठभर भरडा हे दूध देणाऱ्या शेळीला मिळालेच पाहिजे. त्यासाठी भरडा मी घाऊक भावात आणून देतो आणि त्याचे पैसे दुधातून वळते करतो. लिटरला ऐंशी रुपये देतो. ते पैसे बाईच्याच हातात किंवा बाईच्याच खात्यावर जातात. घरातल्या पुरुषाने मागितले, तर मी नम्रपणे नाही म्हणतो. या एका बाबतीत मी कधी मागे सरलेलो नाही, आणि सरणारही नाही.

सकाळी आठच्या आत किटल्या येतात. वास पाहायचा, लॅक्टोमीटर टाकायचा, नळीत थोडे दूध उकळून ते फाटते का ते पाहायचे आणि मलमलीच्या दुहेरी कापडातून गाळायचे. मग दुहेरी तळाच्या भांड्यात त्रेसष्ट अंशांवर तीस मिनिटे तापवायचे. फ्रान्समध्ये कच्च्या दुधाचे शेळीचे चीज मोठ्या अभिमानाने करतात, आणि तसे करण्याचा आग्रह मला काही ग्राहकांनीही धरला. मी तो मानला नाही. ब्रुसेला जंतूंमुळे होणारा माल्टा ताप कच्च्या शेळीच्या दुधातून माणसाला होतो. महिनोन्‌महिने येणारा-जाणारा ताप आणि सांधेदुखी घेऊन हिंडणारा माणूस मी आमच्याच परिसरात पाहिला आहे. एकवीस घरांच्या साठ शेळ्यांची हमी मी देऊ शकत नाही, तोवर दूध तापवूनच घेणार.

तापवलेले दूध बावीस अंशांवर आणून त्यात विरजणाचे कल्चर घालायचे, आणि थोड्या वेळाने उकळून गार केलेल्या पाण्यात मिसळून रेनेटचे, म्हणजे दूध बांधणाऱ्या विकराचे, पाच-सहा थेंब. आपल्याकडच्या अन्नसुरक्षेच्या नियमांनुसार चीजसाठी प्राणिजन्य रेनेट चालत नाही. बुरशीपासून मिळवलेले वापरतात, म्हणून पाकिटावर हिरवा ठिपका येतो. आमच्या भागातील वारकरी घरांत हे चीज निःशंकपणे खाल्ले जाते ते त्या ठिपक्यामुळे. मग भांडे झाकून दुसऱ्या सकाळपर्यंत हलवायचे नाही. सकाळी झाकण काढले, की दही भांड्याच्या कडेपासून सुटलेले असते आणि वर बोटभर पाणी स्वच्छ उभे असते. ते पाणी पाहिले की आज सगळे नीट आहे, हे आम्लता मोजण्याआधीच कळते. पळीने एकेक थर उचलून भोकांच्या साच्यांत भरायचा. त्या क्षणी खोलीत बोलणेसुद्धा हळू होते. दिवसभर आणि रात्रभर साच्यांतून थेंब पडत राहतात. सुरुवातीला धारेसारखे, संध्याकाळी एकेक, आणि पहाटे आवाज थांबलेला असतो. खाली जमलेले आंबट पाणी आई फेकू देत नाही. ज्वारीच्या पिठाची आंबील ती ताकाऐवजी याच पाण्यात करते, आणि कामाला येणाऱ्या दोघी जणी उन्हाळ्यात भांडे भरून घरी नेतात.

दुसऱ्या वर्षी माघात एक सकाळ अशी आली, की झाकण काढले तर दूध तसेच होते. वर पाणी नाही, कडेला भेग नाही. खाली नुसते ओशट, अर्धवट जमलेले. दूध आंबते तसा मापकावरचा आम्लतेचा आकडा, म्हणजे पीएच, खाली येतो; तो जेमतेम सहा पूर्णांक तीनपर्यंत उतरला होता. तो साडेचाराच्या आसपास यायला हवा होता. मला वाटले कल्चर मेले. नवे पाकीट फोडले, दुसऱ्या दिवशीही तेच. दोन दिवसांचे मिळून छत्तीस लिटर दूध वाया गेले. तिसऱ्या दिवशी मी प्रत्येक घराचे दूध वेगळ्या वाटीत विरजायला ठेवले. एक वाटी सोडून सगळ्या वाट्या बसल्या. त्या घरच्या शेळीची कास सुजून दगडासारखी झाली होती, आणि चार दिवसांपूर्वी तिला प्रतिजैविकाचे इंजेक्शन दिले होते. औषध दुधात उतरले होते आणि त्याने माझे विरजणाचे जिवाणू मारले होते. त्या बाईंनी काही लपवले नव्हते. त्यांना कुणी विचारलेच नव्हते. विचारायला हवे होते मी, आणि रोगी कासेचे दूध किटलीत येता कामा नये हेही सांगायला हवे होते. त्या दोन्ही दिवसांचे सगळ्यांचे पैसे मी दिले. तेव्हापासून प्रत्येक घरी लाल दोऱ्याचे एक रीळ दिलेले आहे. शेळीला सुई टोचली, की शिंगाला लाल दोरा बांधायचा, आणि डॉक्टरांनी सांगितलेले दिवस अधिक दोन दिवस होईपर्यंत तो सोडायचा नाही. या दिवसांत त्या शेळीच्या दुधाचे निम्मे पैसे मी दूध न घेता देतो, कारण तसे नसते तर दोरा लवकर सुटला असता.

विक्रीबद्दल फार लिहिण्यासारखे नाही. परवान्याचे काम सोपे होते. वार्षिक उलाढाल बारा लाखांच्या आत असल्याने तेव्हा नोंदणी पुरेशी होती आणि तिचे शुल्क वर्षाला शंभर रुपये. कर्ज मात्र सोपे नव्हते. २०२० मध्ये सूक्ष्म अन्नप्रक्रिया उद्योगांसाठी केंद्राची पस्तीस टक्के अनुदानाची योजना आली. तिच्याखाली मी एका बँकेत अर्ज केला, आणि सात महिन्यांनी तो 'या व्यवसायाचा पूर्वानुभव नाही' म्हणून परत आला. मला वाईट वाटले, पण त्याहून अधिक आठवण झाली ती मी स्वतः अशाच शेऱ्यासह परत पाठवलेल्या प्रस्तावांची. त्यांतील काही माणसांची तोंडे अजून डोळ्यांसमोर आहेत. दुसऱ्या बँकेने पुढच्या वर्षी कर्ज दिले.

माल सोलापूरमार्गे रात्रीच्या बसने बर्फाच्या पेटीत पुण्याला जातो. दीडशे ग्रॅमचे पाकीट तीनशे रुपयांना विकले जाते. दुकानदाराचा वाटा आणि खराब होणारा माल वजा जाता किलोमागे मला साधारण बाराशे रुपये मिळतात. सहा लिटर दुधाचे एक किलो चीज होते. वर्षातील दोनशे दिवसच काम चालते, कारण शेळ्या प्रामुख्याने दिवाळीच्या आगेमागे आणि पुन्हा पावसाळ्याच्या सुरुवातीला वितात, आणि वैशाखात दूध मागणे हा अपराध ठरेल. पत्नीला दाखवलेल्या त्या वहीत तिसऱ्या वर्षी दूध, मजुरी, वीज, बांधणी, वाहतूक आणि हप्ता वजा जाता हाती उरलेली रक्कम एक लाख बेचाळीस हजार होती. बँकेतला माझा पगार दोन महिन्यांत त्याहून अधिक होत असे. तिने वही दोनदा वाचली, दुधाच्या खर्चाच्या ओळीवर बोट ठेवले आणि विचारले, "हे दोन लाख अठ्ठ्याऐंशी हजार गावात गेले ना?" मी हो म्हटले. तिने वही मिटली आणि काम चालू ठेवायला सांगितले.

गावात आमचे चीज खपत नाही असे नाही. कारळाच्या चटणीत घोळवलेले गोळे तुळजापूरच्या एका खानावळीत भाकरीबरोबर देतात, आणि ती कल्पना माझी नाही, तिथल्या आचाऱ्याची. पुण्याचे ग्राहक राख लावलेले, थोडे मुरवलेले चीज मागतात; लाकडी कोळशाच्या राखेने पृष्ठभागाची आम्लता कमी होते आणि वर पातळ साल धरते. बळदाच्या खोलीत त्याचे प्रयोग चालू आहेत, पण आमच्या कोरड्या हवेत साल तडकते, आणि मातीचे ओले माठ ठेवून ओलावा टिकवण्याचा उपाय अजून मनासारखा जमलेला नाही.

गेल्या रविवारी ताणकाटा घेऊन त्याच मावशींच्या अंगणात गेलो होतो. त्यांच्या काळ्या शेळीला दिवाळीत जुळे झाले आहे: एक पाट आणि एक बोकड. बोकड साडेसहा किलो भरला. पाट झोळीत अजिबात हलत नव्हती. काटा चार किलोच्या जरा वर थांबला आणि तिथेच राहिला. मावशींनी किटली उचलून घरात नेऊन ठेवली आणि मला म्हणाल्या, "दादा, ह्या शेळीचं दूध आता पंधरा दिस न्हाई. लिवा तिथं." मी पासबुकाच्या डाव्या पानावर शून्य लिहिले, उजव्या पानावर चार किलो शंभर ग्रॅम लिहिले, आणि पुढच्या घराकडे निघालो.